प्यायचे नाणे : मेसोअमेरिकेतील कोको

कोकोच्या झाडाला रखरखीत ऊन सोसत नाही आणि थंडी तर मुळीच नाही. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण २० अंशांपर्यंतच्या उष्ण, दमट पट्ट्यात, मोठ्या झाडांच्या सावलीत ते वाढते. उंच पठारावरचा गारठा आणि कोरडा वारा त्याला मानवत नाही. त्याची फुले चिमुकली असतात आणि त्यांचे परागण डासाहून लहान माश्या करतात. फळे फणसासारखी थेट खोडाला आणि जाड फांद्यांना लटकतात. एका फळात पांढऱ्या, आंबटगोड गरात रुतलेल्या तीस-चाळीस बिया असतात. गर गोड, बी कडू. माकडे आणि खारी गर खाऊन बी टाकून देतात आणि त्यातूनच झाड पसरते. माणसाने मात्र जनावरांनी टाकलेली बीच उचलली.

ही कडू बी तोंडात घालण्याजोगी करायची तर बरीच खटपट आहे. आधी गर आणि बिया एकत्र ढीग लावून काही दिवस आंबवायच्या, मग उन्हात वाळवायच्या, मातीच्या तव्यावर भाजून त्यांची टरफले काढायची आणि शेवटी मेताते नावाच्या तीन पायांच्या उतरत्या दगडी पाट्यावर, खाली निखारे ठेवून, वाटायच्या. बीचा निम्मा भाग स्निग्ध असल्याने कोमट दगडावर तिचे कोरडे पीठ होत नाही, तकतकीत काळसर लगदा होतो. आंबवण्याचे काम वगळले तर भाजल्यावर येणारा चॉकलेटचा वास येतच नाही. हे ज्ञान कुणा एकाला एका दिवसात सुचलेले नसावे.

या कामांपैकी वाळवण्याला इतिहासात वेगळे महत्त्व आहे. वाळलेली बी बराच काळ टिकते, हलकी असते, आकाराने जवळपास सारखी असते आणि एकेक करून मोजता येते. मेक्सिकोच्या मध्य भागापासून ग्वातेमाला, बेलीझ, एल साल्वादोर, होंडुरास आणि निकाराग्वापर्यंत पसरलेल्या मेसोअमेरिका या सांस्कृतिक प्रदेशात कोको म्हणूनच पेयही होता आणि सुटे पैसेही. त्याचीच खंडणी भरली जाई, तोच औषधात पडे आणि देवापुढेही ठेवला जाई. ही कामे एकमेकांच्या आधाराने चालत. सरदार पितात म्हणून बीला भाव, बीला भाव म्हणून ती देवाला देण्याजोगी, आणि देवाला चालते म्हणून लग्नात, बारशातही तिला मान.

झाडाचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत, अ‍ॅमेझॉनच्या वरच्या खोऱ्यात आहे. आजच्या एक्वादोरच्या आग्नेय टोकाला सांता आना-ला फ्लोरिदा या स्थळी सापडलेल्या भांड्यांत सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचे कोकोचे अंश मिळाले. पिष्टकण, थिओब्रोमिन हे रसायन आणि झाडाचा डीएनए अशा तिहेरी पुराव्यावर आधारलेला तो निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथून झाड उत्तरेकडे कोणत्या वाटेने गेले यावर वाद आहे. होंडुरासच्या उलुआ खोऱ्यातील पुएर्तो एस्कोंदिदो येथे इसवी सनापूर्वी ११०० च्या सुमाराची, लांब मानेची मडकी मिळाली आणि त्यांतही थिओब्रोमिन सापडले. अशा अरुंद मानेच्या भांड्यात दाट पेय घुसळून फेस काढता येत नाही. त्यावरून संशोधकांनी असा तर्क केला की आरंभी लोक बियांचे पेय करत नसावेत, गर आंबवून त्याची सौम्य दारू करत असावेत. तो खरा असेल तर बीचा शोध हा दारू गाळताना लागलेला जोडशोध ठरतो. बी आंबवणे आवश्यक असते हेही त्यातूनच कळले असणार.

माया संस्कृतीच्या काळात चित्र बरेच स्पष्ट होते. १९८४ मध्ये ग्वातेमालाच्या ईशान्य कोपऱ्यातील रिओ असूल येथे पाचव्या शतकातील एक न लुटलेली कबर उघडली. तिच्यात फिरवून घट्ट बसणाऱ्या झाकणाचे एक मडके होते. त्यावरील चित्रलिपीत कोकोचे अक्षरचिन्ह डेव्हिड स्टुअर्ट या अभ्यासकाने वाचले आणि तळाशी सुकलेला थर अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासल्यावर थिओब्रोमिन व कॅफिन मिळाले. लिपीचे वाचन आणि रसायनशास्त्र यांचा असा मेळ पुरातत्त्वात वरचेवर बसत नाही. त्यानंतर कितीतरी माया पेल्यांच्या काठावरील मजकूर उलगडला. त्याचा साचा ठरलेला असतो : हे अमक्याचे प्यायचे भांडे, अमक्या प्रकारच्या कोकोसाठी. मालकाचे नाव, त्याची पदवी, कधी चित्रकाराचे नावही. भांड्यावर नाव घालण्याची हौस महाराष्ट्रातल्या घरांना नवी नाही. फरक इतकाच की मायांकडे ते राजेरजवाड्यांचे मिरवण्याचे साधन होते.

या पेयाचा जीव त्याच्या फेसात होता. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयातील आठव्या शतकाच्या आसपासच्या एका माया पेल्यावर राजवाड्याचे दृश्य आहे. त्यात एक स्त्री उभी राहून एका उंच भांड्यातून खालच्या भांड्यात पेयाची धार सोडते आहे. अशी उंचावरून वारंवार ओतणी करून वर फेसाचा जाड थर आणत. घुसळण्याची लाकडी रवी, म्हणजे मोलिनियो, स्पॅनिश काळातली. त्याआधी सगळे काम हाताच्या उंचीवर आणि अंदाजावर चाले. मिश्तेक लोकांच्या नटॉल कोडेक्स या चित्रपोथीत विवाहाच्या प्रसंगी वधू वराला फेसाने भरलेले पात्र देताना दिसते.

कोको फक्त राजवाड्यातच होता, अशी समजूत बराच काळ होती. भांडी कबरीतली, चित्रे दरबारातली. त्यामुळे ती होणे साहजिकही होते. एल साल्वादोरमधील होया दे सेरेन या खेड्याने तिला तडा दिला. इसवी सन ६०० च्या आसपास लोमा काल्देरा या ज्वालामुखीच्या राखेखाली हे खेडे जसेच्या तसे गाडले गेले. शेतकऱ्यांच्या मातीच्या घरांजवळ कोकोचे झाड होते आणि भांडारात साठवलेल्या बिया होत्या. म्हणजे जेथे कोको पिकत होता तेथे तो साध्या माणसाच्या परसातही होता. दुर्मीळता लांबच्या प्रदेशांत आणि पठारावर होती. दरबारी अवशेषांवरून सगळ्या समाजाची खानपानपद्धत ठरवण्याची घाई किती फसवी असते याचे हे चांगले उदाहरण आहे.

पावसाचे पाणी लगेच मुरून जाणाऱ्या चुनखडीच्या युकातानमध्ये मायांनी ओल धरून ठेवणाऱ्या नैसर्गिक खड्ड्यांत कोकोच्या बागा लावल्या. तेथील बिशप दिएगो दे लांदा याने सोळाव्या शतकात माया लोकांच्या चालीरीतींचे टिपण केले. याच लांदाने त्यांच्या पोथ्या जाळल्या होत्या, हे त्याच्या टिपणाचा आधार घेताना विसरता येत नाही. त्याच्या नोंदीप्रमाणे मुआन महिन्यात बागायतदार एक चुआह या देवाचा उत्सव करत. हा देव व्यापाऱ्यांचाही आणि कोकोचाही. त्याला कोकोच्या रंगाचा ठिपका असलेला कुत्रा बळी देत. मुलांच्या शुद्धिसंस्कारात फुले व कुटलेला कोको मिसळलेले पाणी त्यांच्या अंगाला लावत. माद्रिद कोडेक्स या माया पोथीत देव आपले कान टोचून कोकोच्या फळांवर रक्त सांडताना दाखवले आहेत. रक्त आणि कोको यांची ही सांगड पुढे मध्य मेक्सिकोतील आस्तेकांतही दिसते. हृदय आणि रक्त ही त्यांच्या भाषेतील जोडी कोकोसाठी वापरली जाई, आणि शेंद्रीच्या बियांनी लाल केलेला फेस ओठांना लागला की तिचा अर्थ सांगावा लागत नसे.

आस्तेकांची राजधानी तेनोचतित्लान, म्हणजे आजचे मेक्सिको शहर, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून अधिक उंचीवर होती. तेथे कोकोचे झाड जगणे शक्य नव्हते. जे पेय दरबाराला रोज लागे ते राज्याच्या गाभ्यात उगवत नव्हते, आणि आस्तेकांच्या राजकारणाचा बराच भाग या अडचणीतून समजतो. आहुइत्सोत्ल या सम्राटाने (कारकीर्द १४८६ ते १५०२) पॅसिफिक किनाऱ्यावरील सोकोनुस्को हा प्रांत जिंकला. राजधानीपासून आठ-नऊशे किलोमीटर लांब असलेल्या या पट्ट्यातला कोको उत्तम मानला जाई. १५४० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झालेल्या कोडेक्स मेंदोसा या चित्रमय पोथीत कोणत्या प्रांताने काय खंडणी भरायची ते चित्रांतून मांडले आहे. सोकोनुस्कोच्या पानावर रंगीत पिसे, ४० जॅग्वारची कातडी, अंबर आणि कोको पिण्याचे ८०० तुंबे आहेत, आणि त्यांच्याबरोबर २०० ओझी कोको आहे.

ओझे म्हणजे किती, तेही ठरलेले होते. आस्तेकांची मोजणी विसाच्या पटीत चाले : २०, ४००, ८०००. आठ हजार बियांची एक थैली आणि तीन थैल्यांचे एक ओझे, म्हणजे २४,००० बिया. वाळलेली बी साधारण एक ग्रॅमची, तेव्हा एका हमालाच्या पाठीवर चोवीस-पंचवीस किलो माल येई. २०० ओझी म्हणजे ४८ लाख बिया. घोडा, बैल, गाढव यांपैकी कोणतेही ओझ्याचे जनावर त्या देशात नव्हते; कपाळाला पट्टा लावून माणसेच डोंगर चढत. खंडणीखेरीज पोचतेका नावाचे दूरदेशी व्यापारी स्वतःच्या जोखमीवर कोको आणत, आणि जाताजाता राज्यासाठी हेरगिरीही करत.

राजधानीत हे पेय सरदार, नावाजलेले योद्धे आणि बडे व्यापारी पीत. ते जेवणाच्या शेवटी येई आणि त्याबरोबर तंबाखूच्या नळ्या ओढल्या जात. मोहिमेवरील सैनिकांना कोकोच्या वाटलेल्या वड्या शिदोरीत मिळत. पेय बहुधा थंडच असे. त्यात काय घालत, याची यादी बर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने नावात्ल भाषक माहितगारांकडून गोळा केलेल्या, फ्लॉरेंटाइन कोडेक्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात मिळते : व्हॅनिलाच्या शेंगा, मिरची, पोळ्यातला मध, कानाच्या आकाराच्या पाकळ्यांचे एक मसालेदार फूल, मिरवेलीच्या जातीची एक वनस्पती. साखर अर्थातच नव्हती. ज्याला निखळ कोको परवडत नसे तो मक्याच्या पेजेत थोडा मिसळी, आणि अस्सल शौकीन त्याला नाके मुरडत.

दिएगो दुरान या दुसऱ्या धर्मगुरूने नोंदवलेला एक विधी अंगावर काटा आणणारा आहे. वार्षिक उत्सवात केत्सालकोआत्ल या देवाचे सोंग दिलेल्या दासाला ठरलेल्या दिवशी बळी जायचे असे. मरण जवळ आले हे कळून त्याचे नाचणे थंडावले, तर आधीच्या बळींच्या रक्ताने माखलेल्या दगडी सुऱ्या धुऊन त्या पाण्यात केलेला कोको त्याला पाजत. त्याने भान हरपून तो पुन्हा आनंदाने नाचू लागतो, अशी समजूत होती. एरवी मेजवानीतले हे पेय इथे बळीच्या तयारीत उतरले होते.

बाजारात मात्र या सगळ्याची दखल नव्हती. तेथे बी म्हणजे चिल्लर. मोठ्या व्यवहाराला सुती कापडाचे ठरावीक तागे चालत आणि त्याखालच्या सगळ्या हिशेबाला कोको. १५४५ मधील त्लाश्काला या शहराची नावात्ल भाषेतील एक दरयादी शिल्लक आहे. स्पॅनिश सत्ता येऊन चोवीस वर्षे झाली होती, तरी भाव बियांतच मांडले आहेत. टर्कीची चांगली मादी १०० भरदार बियांना, बिया सुरकुतलेल्या असतील तर १२० ना. नर २०० ना. लहान ससा ३०. टर्कीचे अंडे ३. नुकताच तोडलेला अ‍ॅव्होकाडो ३, पिकलेला १. मक्याच्या पानात गुंडाळलेला मासा ३. मोठा टोमॅटो १, तमाले १. भरदार आणि सुरकुतलेली यांतला फरक दरयादीतच धरला आहे, यावरून विक्रेते बिया नुसत्या मोजत नव्हते, पारखूनही घेत होते हे दिसते. मध्य मेक्सिकोतील हमालाचा दिवसाचा रोज १०० बिया होता, असे मोतोलिनीआ या धर्मगुरूने लिहिले आहे. दिवसभर पाठ मोडून टर्कीची एक मादी, असा तो हिशेब.

जे नाणे असते त्याची नक्कलही होते. साआगुनने कोको विकणाऱ्या लबाडाचे वर्णन मोठ्या चवीने केले आहे. कच्च्या बिया निखाऱ्यावर फुगवून भरदार दाखवायच्या. रिकामी टरफले राजगिऱ्याच्या पिठाने, मेणाने किंवा अ‍ॅव्होकाडोच्या कोयीच्या तुकड्यांनी भरून चांगल्या बियांत मिसळायची. महाराष्ट्रात उपवासाच्या लाडवांतून ओळखीचा असलेला राजगिरा मुळात मेसोअमेरिकेतलाच. तेथे त्याच्या पिठाचे देव घडवत आणि, वरील नोंदीप्रमाणे, खोटे पैसेही.

निसर्गात मिळणाऱ्या वस्तूला नाणे करणे जगावेगळे नव्हते. कवडी हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकापर्यंत चालली, हे फुटक्या कवडीचा उल्लेख करणाऱ्या मराठी माणसाला सांगायला नको. सुरत आणि गुजरातच्या बाजारात इराणातून आलेले कडू बदाम तांब्याच्या पैशाखालची मोड म्हणून चालत, हे सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने लिहून ठेवले आहे. पण कवडी खाता येत नाही आणि कडू बदाम कुणी खाणार नाही. ती नाणी सुरक्षित होती. कोको हे नाणे मालकच पिऊन टाकू शके. त्यामुळे बाजारातली चिल्लर सतत पोटात जात राही आणि नवे पीक येऊन तिची जागा भरून काढी. पीटर मार्टिर या इतिहासकाराने हीच गोष्ट कोकोच्या बाजूने मोजली : उंदीर खातात, कुजते, म्हणून फार काळ पुरून ठेवता येत नाही, आणि कंजूषपणाला वाव उरत नाही, अशी त्याने या पैशाची स्तुती केली. ती त्याने युरोपात बसून केली. बागायतदाराला ती कितपत पटली असती कुणास ठाऊक.

युरोपीयांची कोकोशी पहिली गाठ १५०२ मध्ये पडली. होंडुरासच्या उत्तरेकडील ग्वानाहा बेटाजवळ कोलंबसाच्या चौथ्या सफरीतील माणसांनी मालाने भरलेली मोठी होडी अडवली. तिच्यात कापड, तांब्याच्या वस्तू आणि बदामासारख्या दिसणाऱ्या बिया होत्या. बी खाली पडली की लोक डोळा निखळून पडल्यासारखे वाकून तिच्यामागे धावतात, हे तेव्हा किशोरवयीन असलेल्या कोलंबसाच्या मुलाने लक्षात ठेवले. त्यांना त्यामागचे कारण समजले नाही आणि होडी सोडून ते पुढे गेले. आस्तेकांवर चालून गेलेल्या स्पॅनिश सेनानी कोर्तेसला मात्र १५२० पर्यंत हे पैसे आहेत हे चांगले कळले होते. आपल्या सम्राटाला लिहिलेल्या पत्रात त्याने तसे कळवले. चवीबद्दल मते वेगळी पडली. मिलानच्या जिरोलामो बेन्झोनी याने १५६५ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात हे पेय डुकरांना द्यावे अशा लायकीचे आहे, असे म्हटले; द्राक्षाची दारू संपल्यावर मात्र पाण्यापेक्षा हे बरे म्हणून तोही ते पिऊ लागला.

स्पॅनिश विजयाने कोकोचे काम कमी होईल अशी अपेक्षा वाटते. घडले उलटे. चांदीची नाणी आली तरी लहान खरेदीला पुरेल इतकी मोड त्यांत नव्हती, त्यामुळे बी कायम राहिली आणि नाण्याशी तिचा दर ठरवला गेला. १५४५ च्या दरयादीत एका तोमिनला, म्हणजे एका रेआलला, २०० भरदार बिया आहेत. १५५५ मध्ये सरकारी दर १४० झाला. दहा वर्षांत बी महाग झाली, आणि कारण उघड आहे. जुने दरबारी निर्बंध कोसळले होते. ज्याला पूर्वी हे पेय चाखायलाही मिळत नसे तो सामान्य माणूस आता ते पिऊ लागला होता. स्पॅनिश बायकांनाही त्याची चटक लागली. पिणारे वाढले आणि पिकवणारे मरत होते. देवी, गोवर अशा आयात रोगांच्या साथींनी किनारपट्टीची वस्ती उजाड केली. एल साल्वादोरच्या इसाल्को भागात सोळाव्या शतकाच्या मध्यावर बागा तेजीत होत्या, पण खंडणी कोकोतच द्यावी लागे आणि माणसे घटली तरी ती घटत नसे. शतकाअखेर तो भाग ओसरला. पुढची तूट दक्षिण अमेरिकेतील ग्वायाकिल आणि काराकास येथील मळ्यांनी भरून काढली. ग्वायाकिलचा स्वस्त, जाडाभरडा कोको गरिबांच्या वाट्याला आला. पेरू आणि मेक्सिको यांच्यातील सागरी व्यापारावर सतराव्या शतकात स्पेनने बंदी घातली, तरी तो चोरून येतच राहिला.

पेयाचे रूपही पालटले. ते गरम झाले, त्यात साखर आणि दालचिनी पडली, मिरची मागे सरली, आणि उंचावरून ओतण्याऐवजी मोलिनियो तळहातांमध्ये फिरवून फेस काढू लागले. वाटलेल्या कोकोच्या चकत्या करून ठेवायच्या आणि हव्या तेव्हा गरम पाण्यात विरघळवायच्या, ही सोय या काळात रूढ झाली. मेताते मात्र बदलले नाही. त्याच्यापुढे गुडघे टेकून वाटणारी बाईही बदलली नाही.

नव्या पेयाने चर्चला पेचात टाकले. उपवासाला कोको चालतो का? साबुदाणा आणि वरी यांच्यावरून वाद घालणाऱ्या समाजाला या प्रश्नाचे गांभीर्य लगेच कळेल. आंतोनिओ दे लेओन पिनेलो याने १६३६ मध्ये याच प्रश्नावर अख्खा ग्रंथ लिहिला. पाण्यात केलेला पातळ कोको हे पेय, की मक्याचे पीठ व अंडे घातलेले ते अन्न, अशा सूक्ष्म भेदांवर पंडितांची लेखणी चालली. १६६० च्या दशकात कार्डिनल ब्रांकाच्चो याने द्रवाने उपवास मोडत नाही असा निर्वाळा दिल्यावर पिणाऱ्यांच्या मनाची टोचणी कमी झाली.

चियापासमधील एक प्रकरण इंग्रज धर्मगुरू टॉमस गेज याने १६४८ च्या पुस्तकात सांगितले आहे. तेथील स्पॅनिश स्त्रिया प्रार्थना चालू असताना दासींकरवी चर्चमध्ये गरम कोको मागवत. पोट नाजूक असल्याने इतका वेळ उपाशी बसवत नाही, ही सबब. बिशपने बहिष्काराची धमकी देणारी नोटीस लावली. पेले हिसकावू पाहणाऱ्या धर्मगुरूंवर पुरुषांनी तलवारी उपसल्या आणि स्त्रियांनी चर्च सोडून मठांच्या प्रार्थनागृहांत जाणे सुरू केले. काही काळाने बिशप आजारी पडून मेला, आणि त्याच्या कोकोतच विष घातल्याची कुजबुज गावभर झाली. गेज हा पुढे पंथ बदललेला, मसाला लावून सांगणारा लेखक आहे. त्याचा प्रत्येक शब्द खरा धरू नये. पण कोकोत विष लपते ही भीती त्याची एकट्याची नव्हती. दाट, काळे, सुगंधी पेय. त्यात काहीही मिसळले तरी रंग-वास कळत नाही. वसाहतीतील धार्मिक न्यायालयांपुढे आलेल्या खटल्यांत नवऱ्याला किंवा प्रियकराला कोकोतून वशीकरणाचे औषध पाजल्याचे आरोप स्त्रियांवर वारंवार आढळतात. स्वयंपाकघर हीच ज्यांच्या हातातली सत्ता, त्यांच्यावर संशयही त्याच वाटेने येई.

औषध म्हणूनही त्याचा मान जुना होता. १५५२ मध्ये आस्तेक वैद्याने सांगितलेल्या आणि लॅटिनमध्ये उतरवलेल्या वनौषधींच्या सचित्र हस्तलिखितात कामकाजाने शिणलेल्या अधिकाऱ्यांसाठी सुगंधी फुलांचा उपाय दिला आहे आणि त्यात कोकोचे फूल आहे. स्पॅनिश वैद्यांनी तोच कोको आपल्या उष्ण-थंड प्रकृतींच्या चौकटीत बसवला : बी थंड, म्हणून तिला मिरची किंवा दालचिनीची जोड द्यावी. आंतोनिओ कोल्मेनेरो दे लेदेस्मा याच्या १६३१ च्या पुस्तिकेत कृती आणि वैद्यक दोन्ही आहेत, आणि तिची भाषांतरे युरोपभर झाली.

युरोपातील कहाणी सर्वपरिचित आहे. १५४४ मध्ये ग्वातेमालातील केक्ची माया सरदारांनी स्पेनचा युवराज फिलिप याला कोको नेऊन दिला. १५८५ मध्ये व्हेराक्रूसहून सेव्हिलला व्यापारी माल गेला. १८२८ मध्ये नेदरलँड्समध्ये व्हान हाउटेन याच्या दाबयंत्राने चरबी वेगळी काढली, आणि १८४७ मध्ये इंग्लंडच्या फ्राय कंपनीने खाण्याची वडी बनवली. पिण्याची वस्तू खाण्याची झाली, मळे पश्चिम आफ्रिकेत गेले आणि मेसोअमेरिका जागतिक व्यापारात मागे पडली.

पण नाणे म्हणून बी सहजासहजी गेली नाही. कोस्ता रिकामध्ये नाण्यांचा इतका तुटवडा होता की १७०९ मध्ये गव्हर्नरने कोकोला अधिकृत चलन ठरवले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुंबोल्ट मेक्सिकोत आला तेव्हा बाजारात मोड म्हणून बिया चालत असल्याचे त्याने पाहिले. १८४० च्या दशकात अमेरिकन प्रवासी जॉन लॉइड स्टीफन्स याला युकातानच्या खेड्यातील बाजारात पाच-पाच बियांचे वाटे करून भाजीपाला विकला जाताना दिसला. तांब्याचे नाणे तेथे नव्हतेच, आणि गरिबाची खरेदी चांदीच्या सर्वांत लहान नाण्याहूनही लहान होती. ज्या राज्याच्या टांकसाळींची चांदी जगभर फिरली त्याच्याच खेड्यांत नाण्याचा हा तुटवडा. स्पॅनिश विजयानंतरही बी तीनशे वर्षे टिकली ती जुनी रीत म्हणून कमी आणि गरिबाच्या गरजेपोटी अधिक.

चलनाचे काम संपले, बाकीची उरली. दक्षिण मेक्सिकोतील वाहाकाच्या बाजाराशेजारच्या दळणघरांत गिऱ्हाइके आजही भाजलेला कोको, साखर, दालचिनी आणि बदाम आपल्या प्रमाणात देऊन दळून घेतात. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे. लग्न ठरवताना आणि गावच्या संताच्या जत्रेत चॉकलेटच्या चकत्या देण्याघेण्यात असतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या दिवशी वेदीवर झेंडूची फुले, पाव आणि कोकोचा पेला ठेवतात. सान आंद्रेस वायापाम येथील बायका तेखाते नावाचे थंड पेय मोठ्या मातीच्या परातीत हाताने घोळतात : भाजलेला मका, मामेय फळाची कोय, कोको आणि एका सुगंधी झाडाची सुकी फुले. वर येणारा पांढरट फेस हीच त्याची परीक्षा. ताबास्कोमध्ये शेतकरी मक्याच्या आंबवलेल्या पिठात कोको मिसळून पोसोल करतात आणि शेतावर नेतात. ते दुपारचे जेवणही असते.

ताबास्को आणि चियापास ही राज्येच आज मेक्सिकोचा जवळपास सगळा कोको पिकवतात. २००५ मध्ये तेथे फळांवर पांढरी भुकटी धरणारी मोनिलिया ही बुरशी पोचली. बागा जुन्या, झाडे उंच, आणि रोगट फळे वेचून नष्ट करायला मजुरी परवडत नाही, त्यामुळे अनेकांनी झाडे तोडून ऊस किंवा गुरांसाठी कुरण केले. मेक्सिकोच्या चॉकलेट कारखान्यांना पुरेसा कोको देशात मिळत नाही आणि तो एक्वादोर व आयव्हरी कोस्टहून आणावा लागतो. वाहाकाच्या दळणघरांतील पोत्यांवर ताबास्को, चियापास अशी नावे अजून वेगवेगळी लिहिलेली असतात आणि भावही वेगवेगळे असतात.